धुतलेला गोठा

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात आम्हा शिकाऊ फौजदारांना संशयास्पद मृत्यूचा तपास शिकवायला एक डॉक्टर मॅडम यायच्या. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. पोलिसांच्या रिकाम्या क्वार्टरमध्ये त्या खोटा खून मांडून ठेवायच्या: उलटी खुर्ची, फुटक्या बांगड्या, रक्ताच्या जागी आळता. आत शिरल्या शिरल्या कुणी वस्तू उचलली की गरजायच्या, "झालं! घातलीस माती पुराव्यात!" मला तर इतकं झापलंय त्यांनी, काय सांगू! पण शिकवायच्या मात्र जीव तोडून.

एकदा कुरुंदवाडकडच्या एका वस्तीवर गोठ्यात माणूस मेला. डोकं फुटलेलं. आणि पोलीस पोचायच्या आत बायकोनं गोठा धुतलेला. आमच्या साहेबांचा निकाल तयार: पुरावा पुसला, म्हणजे हिनंच मारलं. गावही तेच बोलत होतं. प्रेत शवविच्छेदनाला गेलेलं, हिला गाडीत घालायची तयारी चाललेली. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांत टिपूस नाही. साहेबांना ते आणखीच खुपलं.

मॅडम आम्हाला घेऊन तिथं पोचल्या आणि तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "गोठा का धुतलास गं?"

"म्हस रगताच्या वासानं बुजालती. दावं तोडाय लागली, पान्हा सोडीना."

"नवरा मेला आणि हिला दुधाची पडलीय!" साहेब म्हणाले.

असा संताप आला मला! जन्मात कधी म्हशीखाली बसला नाही, आणि म्हणे दुधाची पडलीय. सड तटतटले की जनावर गाव डोक्यावर घेतं.

मॅडम गोठ्यात वाकून वाकून फिरल्या, मग आम्हाला हाक मारली. म्हैस उभी राहते तेवढीच जागा धुतलेली होती. दाराशी शेणात चप्पल घसरल्याची लांब रेघ तशीच, आणि दगडी उंबऱ्याच्या कडेला रक्त आणि केस; तिथून रक्ताचा ओघळ म्हशीच्या जागेकडं गेलेला.

"जिला लपवायचंय ती आधी उंबरा धुते," मॅडम म्हणाल्या. "हिनं म्हशीसाठी धुतलंय, तुमच्यासाठी नाही. अहवाल येईतोवर हिला हात लावायचा नाही."

वरिष्ठाला असं तोंडावर सुनावणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. दुपारी दवाखान्यातून निरोप आला: जखम पडल्याचीच. साहेबांनी गाडी परत पाठवली.

मॅडम स्वतः जाऊन तिला म्हणाल्या, "तुला कुठं नेत नाहीत."

तिनं मान वर केली. "मग मालकास्नी आणतील तवा मी घरातच असणार न्हवं?"

"व्हय बाई, घरातच."

तेव्हा कुठं तिनं हंबरडा फोडला.