पट्टा नसलेला रेचा

अमरावतीच्या कापसाच्या जिनात डोमाजी अठरा वर्षं मुकादम होता. तिथं रेच्यांवर कापसातली सरकी निघायची आणि रुईचे तंतू दिवसभर हवेत तरंगायचे. खिडकीतून ऊन शिरलं की समोर राबणारी बाई धुक्यात विरघळल्यासारखी दिसायची. ते बघता बघता या माणसाच्या डोक्यात भयाचा सिनेमा शिरला. बायको दुर्गाबाई म्हणायची, "लोकायच्या अंगात देव येते, आमच्या घरात भूत आलं!"

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात जीन बंद असताना त्यानं मुंबईहून कॅमेरावाला आणला, दुर्गाबाईला हाताशी घेऊन रुई उधळून धुकं केलं आणि भर दुपारी चित्र उतरवलं. भूत मात्र कुठंच दाखवलं नाही.

अकोल्याचे टाकीजमालक भगवंतराव हसले. "भुताबिगर भुताचा सिनेमा? बाया भ्याल्या तरच लावतो. हासल्या, तं रिळाचे डबे उचल अन् गाडी पकड!"

"बाया मीच आणतो," डोमाजी ऐटीत बोलून बसला. आणि आणल्या त्या आपल्याच जिनातल्या!

पडद्यावर धुकं पसरलं. रेचेवाली मैनाबाई ओरडली, "अवो माय, हे तं आपली रुई व्हय! मुकादमानं गंडवलं आपल्याले!"

सगळ्या बाया खदखदून हसल्या. भगवंतराव मशीन बंद करायला सांगण्यासाठी उठले. डोमाजीनं त्यांचा हात धरला. "मालक, जरासे थांबा. फक्त एक रेचा पाहू द्या त्यायले."

धुकं विरळ झालं. ओळीनं रेचे उभे. इंजिनाच्या जोरावर रेचे फिरवणारे पट्टे हंगाम संपल्यावर काढतात, तसे सगळ्यांचे काढलेले. त्यातला शेवटचा रेचा हळूहळू फिरू लागला.

हसू मधेच तुटलं.

"पट्टा नाई त्याले," मैनाबाई पुटपुटली. तिनं शेजारणीचं मनगट गच्च आवळलं. "पट्टा नाई, अन् फिरून राह्यला!"

"काय झालं वो?" भगवंतराव गोंधळले. पण वीस बायांचे पांढरे पडलेले चेहरे पाहून त्यांच्याच अंगावर काटा आला. अर्धं अकोला जिनात राबतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. "डोमाजी, शुक्रवारीच लावतो!"

डोमाजीला टाकीजच्या छताएवढं उंच झाल्यासारखं वाटलं.

बाहेर उन्हात मैनाबाईनं त्याला अडवलं. "खरं सांगा मुकादम, कोन फिरवत होतं तो रेचा?"

"मले काय मालूम?" डोमाजी म्हणाला.

शेजारी उभ्या दुर्गाबाईनं घट्टे पडलेले दोन्ही तळवे हळूच पदराखाली घेतले.