जाते आणि येते

माझ्या खोलीबाहेर चपलांचा स्टँड आहे. समुपदेशनाच्या पाऊण तासात जे बोललं जात नाही, ते बरेचदा तिथे, चपला घालताना बोललं जातं. म्हणून मी प्रत्येकाला दारापर्यंत सोडायला जाते. लोकांना तो अगत्याचा भाग वाटतो. माझ्या लेखी तो कामाचाच भाग आहे.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंना इथे सुनंदाताई म्हणू. महिनाभर येत होत्या. झोप नाही, भूक नाही, यापुढे बोलणं सरकत नव्हतं. निघताना मात्र न चुकता म्हणायच्या, "येते हं मॅडम." परवा एक चप्पल पायात सरकवत त्या म्हणाल्या, "जाते मॅडम."

घरातून निघताना 'जाते' म्हटलं की माझी आई ओरडायची, "येते म्हण!" मला तो अपशकुनाचा बाऊ वाटायचा. परवा नाही वाटला.

मी सरळ विचारलं, "सुनंदाताई, जीव द्यायचा विचार येतोय का मनात?"

असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. असलेला बाहेर येतो. एका पायात चप्पल तशीच ठेवून त्या परत खुर्चीत येऊन बसल्या.

पुढच्या माणसाला मी तासभर थांबवलं. सुनंदाताईंना विचारून त्यांच्या बहिणीला बोलावून घेतलं.

निघताना त्या म्हणाल्या, "बरं, येते."

"नुसतं येते नको. कधी?"

"उद्या अकराला. ही बया काही आता माझी पाठ सोडत नाही."

"नाहीच सोडणार," बहीण म्हणाली.

मी त्यांच्यादेखत वहीत अकराची वेळ लिहिली.