पहिल्या पाच मिनिटांतलं प्रेत

डेन्मार्कमधल्या ऑरहुस शहरातल्या त्या खोलीत आम्ही पाच लेखक एका गुन्हेकथा-मालिकेचा तिसरा सीझन लिहीत होतो. भिंतीवर प्रेतांची चित्रं लावलेली. सगळ्या तरुण बायका. आमचा निर्माता येपे दालचिनीचा पाव खात, बोटांवरची साखर चाटत म्हणाला, "यंदा बुडवू या का? गळा आवळून झाला मागच्या खेपेला."

दोघं हसले. गुद्रुन स्कोव्हबियर्गने हातातला पाव बशीत ठेवला तो ठेवलाच.

गुद्रुन साठीला टेकलेली. टिस्टेड गावच्या शाळेत शिकवून थकल्यावर ती या धंद्यात आली. तिथल्या हौशी रंगमंचासाठी तिने प्रेमकथा, भुताच्या गोष्टी, खुनाची नाटकं, सगळं लिहिलं होतं. मी नवखी असताना ती मला म्हणाली होती, "जॉनर म्हणजे प्रेक्षकाला दिलेला शब्द, बाई. प्रेमाच्या विनोदी नाटकात ती दोघं एकत्र येणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मजा असते ती कशी येतात यात. भुताची गोष्ट म्हटलीस ना, मग घाबरव. रहस्यकथेत शब्द दिलेला असतो सत्याचा. तेवढं पाळ, बाकी तुझ्या हातात."

"आणि पहिल्या पाच मिनिटांत प्रेत दाखवायचं, तो?"

"तो शब्द नव्हे, सवय. नाक कोरायचीही सवय असते लोकांना."

फेब्रुवारीत लिमफ्योर्ड खाडीच्या काठावर चित्रीकरण सुरू झालं. टिल्डे नावाची नवी नटी प्रेत होती. अंगावर झिरझिरीत झगा, पाठीखाली ओली वाळू, केसांत शेवाळ. रंगभूषाकार तिच्या मांडीवर वळ रंगवत होता आणि येपे लांबून ओरडत होता, "ओठ आणखी निळे! आणि झगा जरा वर सरकवा."

"वर कशाला?" गुद्रुनने विचारलं. "बुडाली आहे ना ती?"

"सुंदर दिसायला हवं, गुद्रुन."

कॅमेरा सुरू झाला तसा टिल्डेचा जबडा थंडीने थडथडू लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, प्रेत हलतंय!" आणि सगळे खिदळले. टिल्डेही हसली, बिचारी. नव्या माणसाला हसावंच लागतं.

गुद्रुन सरळ कॅमेऱ्यासमोर चालत गेली. आपला लोकरी कोट काढून तिने त्या पोरीवर घातला. "ऊठ गं. गाडीत जाऊन बस."

"डोकं फिरलंय का तुझं?" येपे धावत आला. "जॉनर आहे हा! नियम तूच शिकवत फिरतेस ना सगळ्यांना?"

"खून कुणी केला ते सांगायचं कबूल केलंय आपण. पोरगी उघडी टाकून मिटक्या मारायचं कधी कबूल केलं?"

"लोकांना हेच बघायचंय."

"तुला बघायचंय. लोकांना कशाला पुढे करतोस?"

त्या आठवड्यात तिने पहिला भाग नव्याने लिहिला. त्यात प्रेत दिसतच नाही. स्वयंपाकघरात मेलेल्या पोरीची आई बटाटे उकडते आहे, दारात पोलीस उभे आहेत. आई त्यांना आधी बूट काढायला लावते, बसवते, कॉफी विचारते. ते सांगायला आले आहेत ते तिला ऐकायचंच नाही. बटाट्यांचं पाणी आटून जळका वास सुटतो, तरी कुणी उठत नाही. आणि याच गडबडीत खुन्याचा पहिला धागा आपल्यासमोरून जातो.

येपेने ते कागद दोन बोटांत उचलले. "हे कौटुंबिक नाटक झालं. मेलेली कुठाय?"

गुद्रुनने नोकरी सोडली. टिल्डे पुन्हा वाळूत निजली, दोन दिवस. मालिका तुफान चालली. शहरभर बसथांब्यांवर तो निळा चेहरा लागला. एकदा गुद्रुन आणि मी बसची वाट बघत होतो, एक गृहस्थ पोस्टरकडे बघत बायकोला म्हणाला, "मागच्या सीझनवालीपेक्षा ही देखणी आहे, नाही?" गुद्रुन तिथून उठली आणि पायी घरी निघाली.

तिने तो भाग पुरा करून टिस्टेडला नाटक म्हणून बसवला. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पण जे आले ते शेवटपर्यंत पुढे वाकून बसले. मध्यंतरात हेरिंग मासा आणि राय धान्याचा पाव खाताना खुनी कोण यावर दोन म्हाताऱ्यांची जुंपली. शेवटी खुनी उघड झाला तेव्हा "मी म्हटलं नव्हतं का!" अशी आरोळी आली. मग आई एकटीच टेबलाशी उरली, आणि आरोळी देणाऱ्याने टोपी काढली.

पुढच्या वर्षी गुद्रुनला येपेचा फोन आला. मी तिच्याकडेच बसले होते; तिने फोन स्पीकरवर टाकला.

"गुद्रुन, आता वारं बदललंय. मेलेलीचं घर, आई, ते सगळं हवंय लोकांना. तुझा तो भाग दे ना. फक्त मध्ये एकदा, अगदी थोडा वेळ, तिला शवागारात दाखवू या."

"झाकलेली?"

"अर्धी."

गुद्रुनने फोन ठेवला आणि न्हाणीघरात गेली. साबण लावून हात धुतल्याचा आवाज बराच वेळ येत होता.