ड्रॉवरमधला मेथीचा धूर

आधीच सांगून ठेवतो — भूतबित मी मानत नाही. आमच्या नागपुरात मे महिन्याच्या दुपारी भुतंसुद्धा घराबाहेर पडत नाहीत, आणि मी त्याच उन्हात सायकल मारत कॉलेजला जायचो, त्यामुळे आमची कधी गाठच पडली नाही. मित्र म्हणतात मी एकाचे दहा करून सांगतो. खोटं कशाला बोलू, करतो. पण हे मात्र दहाचं एक करून लिहितोय, कारण यात माझीही बाजू तितकीशी स्वच्छ नाही...

साल २००५. शिकागोबाहेर शॉमबर्गला एका अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर मी आणि माझी बायको मंजू राहायचो. मंजूच्या राज्यात तंबाखूला बंदी. म्हणून ऑफिसमधून आलो की मी खाली हिरवळीवर जाऊन चोरून तळहातावर तंबाखू मळायचो. तळमजल्याच्या पॅटिओत, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, एक ऐंशीचे जपानी गृहस्थ बसलेले असत. मोरिता काका. त्यांच्या हातात किसेरू.

किसेरू म्हणजे जपानी पाइप. वीतभर बांबूची नळी, एका टोकाला ओठात धरायची चांदीची चोच, दुसऱ्या टोकाला चांदीची वाटी. वाटी केवढी? आत एक वाटाणा ठेवला तर तो गुदमरून मरेल एवढी. एका भरणीत तीन झुरके, की खेळ खलास. मग काका काय करायचे... वाटी टक् करून झटकायचे, जळता निखारा सरळ स्वतःच्या तळहातावर घ्यायचे, हात डोलवत त्याला खेळवायचे, दुसऱ्या हाताने वाटी भरायची आणि त्याच निखाऱ्यावर पुन्हा पेटवायची. हाताला साधा डाग नाही!

त्यांनी माझ्या तळहाताकडे पाहिलं, मी त्यांच्या. दोस्ती व्हायला आणखी काय लागतं?

माझ्या प्रत्येक वाक्यात नागपूर येतं म्हणून ते मला ‘नागपूर-सान’ म्हणायचे. त्यांचं दुःख एकच. किसेरूला केसासारखी बारीक कातरलेली तंबाखू लागते. ती जपानहून बहीण पाठवायची. बहीण गेली, पाकिटं थांबली. इथली पाइपची तंबाखू म्हणजे झाडूच्या काड्या, वाटीत शिरेचना. सिगारेटची घातली तर तोंडात सुया टोचायच्या. मी उदार मनाने माझी खायची तंबाखू दिली. एका झुरक्यात काकांना असा खोकला आला की समोरच्या बिल्डिंगमधली कुत्री भुंकायला लागली.

शेवटी माझ्या टीममधल्या एकाच्या सासऱ्याकडून, केंटकीहून, अख्खी पानं मागवली. पण कातरायची कशी? सुरीने दोऱ्या निघाल्या, कात्रीने चुरा. मग माझी नजर मंजूच्या विळीवर गेली. लग्नानंतर बॅगेतून आणलेली, आईने धार लावून दिलेली.

“त्या विळीला हात लावलास तर तुलाच चिरेन!” मंजू म्हणाली.

“अगं, म्हाताऱ्या माणसासाठी...”

“आधी मेथी चिरून होऊ दे. मग मर.”

मेथीनंतर मी पानाची घट्ट गुंडाळी करून विळीवर बसलो. पहिला नमुना पाहून काकांनी डोक्यावरच्या उरलेल्या पंधरा केसांपैकी एक उपटून शेजारी ठेवला. “जाड आहे.” तिसऱ्या नमुन्याच्या वेळी केस आणि तंबाखू त्यांचे त्यांनाच वेगळे ओळखता येईनात. त्यांनी झुरका घेतला, डोळे मिटले. मग एक डोळा उघडून विचारलं, “हा भाजीचा वास कसला?”

विळीतून मेथी काही गेली नव्हती. पण त्यांना ते आवडलं. उभ्या अमेरिकेत मेथीच्या वासाची किसेरू ओढणारे ते एकटेच!

नोव्हेंबरात बांबूची नळी तडकली. जवळच्या एका स्ट्रिप मॉलमध्ये डेल नावाच्या माणसाचं पाइपचं दुकान होतं. तो म्हणाला, नवीन नळी बसवून देतो. किसेरू परत आली तेव्हा मी तिथेच होतो. काकांनी चोच ओठात धरली आणि लगेच काढली.

“ही माझी नाही.”

चांदी त्यांच्या वडिलांची. वडिलांनी आयुष्यभर दातात धरून चोचीवर एक खळगा पाडला होता आणि काकांचा दात बरोब्बर त्यात बसायचा. या नव्या चोचीवर खळगा नव्हता. साधा मुलामा होता. डेलने दोन्ही टोकांची चांदी ढापली होती.

काका तीनदा दुकानात गेले. तिसऱ्या वेळी मी सोबत होतो. चार गिऱ्हाइकांसमोर डेल लहान मुलाशी बोलावं तसा मोठ्याने म्हणाला, “सर, तुमच्या वयात माणूस विसरतो. घरी सांभाळायला कोणी आहे का?”

गिऱ्हाइकांपैकी दोघं हसले. काकांनी वाकून नमस्कार केला आणि बाहेर आले. माझं डोकं असं तापलं होतं की त्यावर भाकरी भाजली असती.

“काका, पोलिसात जाऊ.”

“नको. मी रागावलेलो नाही, नागपूर-सान,” ते म्हणाले. “मी थांबलोय.”

जानेवारीत काका गेले.

महिन्याभराने त्यांच्या बायकोने, किमिको काकूंनी, मला खाली बोलावलं. ती नकली किसेरू आणि विळीवरच्या तंबाखूची शेवटची डबी, जेमतेम एका भरणीपुरती, माझ्या हातात दिली. “ते सांगून गेलेत. त्याच्या दुकानात बसून ओढायची. एक भरणी. तीन झुरके.”

“मग काय होईल?”

“मला काय माहीत? मी तंबाखू ओढत नाही.”

मंगळवारी लंचमध्ये गेलो. दुकानात बसून ओढायला परवानगी असायची. डेलने मला ओळखलं आणि तोंड वाकडं केलं. मी काउंटरसमोरच्या खुर्चीत बसलो, वाटी भरली, पेटवली.

पहिला झुरका. वाटीतला निखारा लाल झाला... पण तोंडात काहीच आलं नाही. थंडगार हवा. आणि काउंटरच्या खालच्या, कुलूप लावलेल्या ड्रॉवरच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ वर आली.

दुसरा झुरका. तोंडात पुन्हा हवा. ड्रॉवरमधून मात्र भसाभस धूर! आणि वास? मेथीचा. डेल “वायर, वायर” म्हणत आग विझवायचा सिलिंडर शोधायला लागला. मी पाय पसरले. खरं सांगतो, लग्नातही मला इतका आनंद झाला नव्हता.

तिसरा झुरका मी सावकाश, चवीने घेतला.

डेलने ड्रॉवर उघडला. आत रुमालावर चांदीची वाटी आणि चोच, दोन्ही सुटी, मध्ये नळीच नाही. वाटीत लाल निखारा. त्याने ती लपवायला झडप घातली आणि निखारा त्याच्या तळहातावर पडला.

तो पडला तो पडलाच. डेल हात झटकत होता, ओरडत होता, काउंटरवर हात आपटत होता, पण निखारा गोचिडीसारखा चिकटलेला. मी उठलो, नकली वाटी काउंटरवर टक् करून झटकली... आणि निखारा गळून पडला.

“घेऊन जा!” तो रडत म्हणाला. “घेऊन जा ते!”

“सर,” मी म्हटलं, “घरी सांभाळायला कोणी आहे का?”

गोष्ट इथे संपवली असती तर मी हिरो होतो. पण चांदी हातात आल्यावर ती फार सुंदर दिसायला लागली. म्हटलं, मेहनत माझी, विळी माझ्या बायकोची... काकूंना देऊ की, शनिवारी देऊ. पुढच्या शनिवारी देऊ. मंजूने पाहू नये म्हणून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी भर दुपारी मीटिंग चालू असताना पलीकडच्या क्युबिकलमधून आवाज आला, “यार, मेथी कोणी गरम केली?”

मी वळून पाहिलं. माझ्या ड्रॉवरच्या फटीतून एक बारीक रेघ वर येत होती. अलार्म वाजला नाही, आणि आमचा अलार्म पॉपकॉर्नलासुद्धा वाजायचा. कुलूप काढलं. आतला एकही कागद जळला नव्हता. डबीतली तंबाखू डेलच्या दुकानातच संपली होती, वाटी मी स्वतः पुसून ठेवली होती. तिच्यात लाल निखारा होता.

“निघालो काका,” मी म्हटलं. सगळ्या टीमसमोर, शुद्ध मराठीत.

तेवढ्यात तो विझला. राखसुद्धा उरली नाही.

बेल वाजवायच्या आधीच काकूंनी दार उघडलं आणि तळहात पुढे केला. मी चांदी ठेवली. त्यांनी चोचीवरच्या खळग्यावरून अंगठा फिरवला.

“त्या माणसाला ते निखारा देऊन आले,” त्या म्हणाल्या. “तुला नुसता धूर. आवडायचास तू त्यांना.”

डेलचं दुकान उन्हाळ्यात बंद झालं. वायर म्हणा, योगायोग म्हणा... मी इंजिनिअर आहे, सगळं म्हणून पाहिलंय. एकही उत्तर त्या दोन ड्रॉवरमध्ये मावत नाही. तेव्हापासून लायब्ररीची पुस्तकंसुद्धा मी मुदतीच्या दोन दिवस आधी परत करतो.