देवाला सांगितलेला विषय

बारावीच्या परीक्षेनंतरच्या त्या दिवसांत आमच्या गावात, मिठबावात, भेटणारा प्रत्येक माणूस मला एकच विचारायचा, की परदेशात कसलं शिकायला चालली आहेस. मी सांगायचे, अजून ठरलं नाही. मग तो आधी कीव आल्यासारखा आणि नंतर संशयानं बघायचा. जिचा विषयच ठरलेला नाही ती एवढ्या लांब जाते कशाला, ही त्याची शंका रास्त होती. मला मात्र त्याचा भयंकर राग यायचा, कारण उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

झालं होतं असं. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी युरोपातल्या एका विद्यापीठाची माहिती पाठवली होती. विद्यापीठ युरोपात, पण पद्धत अमेरिकन. अभ्यास चार वर्षांचा. पहिली दोन वर्षं समुद्राचं शास्त्र, तत्त्वज्ञान, नाटक, जे हवं ते शिकून बघायचं आणि मग मुख्य विषय निवडायचा. वर्गात पंधरावीस मुलं, ती पंधरावीस देशांतली. मी बघूया तरी म्हणून अर्ज केला, मोबाईलवर मुलाखत दिली आणि प्रवेशाबरोबर शिष्यवृत्तीचंही पत्र आलं. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. इकडे गोव्यात इंजिनियरिंगला जागा मिळेल इतके मार्क पडणार, याची घरात सगळ्यांना खात्री होती.

बाबांची आंब्याची बाग आहे. हंगाम ऐन भरात होता, तरी रोज जेवताना ते माझ्या विद्यापीठाचा विषय काढत. अमेरिकेचं आहे तर ते अमेरिकेत का नाही, असं त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, युरोपातल्या लोकांची स्वतःची पद्धत नाही का? मी म्हटलं, आहे. तिथल्या बाकीच्या विद्यापीठांत विषय आधी ठरवून जायचं आणि तीन वर्षांत बाहेर पडायचं. मग तेच बरं नाही का, असं ते म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही तेच बरं वाटायला लागलं. मी पुन्हा सगळं पहिल्यापासून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे कलम. खुंट तिकडचो, डोळो अमेरिकेचो. पण आंबो खंयचो लागतलो?"

मी ताटावरून उठले. आई यात कधीच पडत नव्हती. ती दिवसभर बागेतल्या खोपीत बसून पेट्यांत गवत घालायची, आंबे लावायची, आणि आमचं चाललेलं ऐकायची.

शेवटी बाबांनी ठरवलं, कौल घ्यायचा. आमच्याकडे घर बांधण्यापासून लग्नापर्यंत घोडं अडलं की माणसं ग्रामदेवतेकडे जातात. गुरव पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपलं म्हणणं देवाच्या कानावर घालतो. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. देवाला सगळं सविस्तर सांगावं लागतं. कोण जातंय, कुठे, कशासाठी. आमचा गुरव सकाळी पूजा करतो आणि दुपारी रिक्षा चालवतो. मोघम बोललेलं त्याला खपत नाही. त्यानं विचारलं, चेडू काय शिकूक जाता?

सोमवारची सकाळ होती, देवळात सात-आठ माणसं होती, सगळी ओळखीची. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या माणसांकडे बघितलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "इंजिनेर."

गुरवानं गाऱ्हाणं सुरू केलं. "देवा म्हाराजा, ह्या लेकरू इंजिनेरीचा शिक्षण घेवक परदेशाक जाता हा, तेच्या वाटेत काय अडचण आसात ती दूर कर रे म्हाराजा." सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा." त्यात मीही होते. लहानपणापासूनची सवय, तोंड आपोआप उघडलं. शब्द बाहेर पडले आणि मग कळलं, की देवाला खोटं सांगितलं गेलंय आणि मी त्याला साक्ष दिलीय. बोलायला हवं होतं. बोलले नाही, कारण त्या माणसांसमोर बाबांना खोटं पाडायचं धाडस नव्हतं. आणि कारण, आता लपवण्यात अर्थ नाही, विषय ठरला हे ऐकून क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

उजवी पाकळी पडली.

त्यानंतरचे दोन दिवस आमच्या घरात जो गोंधळ चालला तो मला आजही नीट सांगता येत नाही. बाबांचं म्हणणं, देवानं परदेशाला होकार दिलाय आणि इंजिनियरिंगलाही दिलाय, तेव्हा परदेशात जाऊन इंजिनियर हो. मी म्हटलं, तिथे इंजिनियरिंग नाहीच. ते म्हणाले, नीट बघ, असेल. आणि मी खरोखरच दोन दिवस त्या विद्यापीठाची पानं उलटसुलट करून इंजिनियरिंग शोधत बसले. जायचं तर देवाची फसवणूक, गोव्याला राहायचं तर देवाचा शब्द मोडला. मला नक्की काय हवंय हे तर या भानगडीत मी विसरूनच गेले होते.

गुरुवारी दुपारी मी रिक्षा स्टँडवर गेले. गुरव एकटाच पेपर वाचत बसला होता. मी त्याला सगळं खरं सांगितलं. चुकीचं गाऱ्हाणं घातलं गेलं तर ते परत घालता येतं का, असं विचारलं.

त्यानं पेपर बाजूला ठेवला. "काल तुझी आवस येवन गेली," तो म्हणाला. आई देवळात येऊन गेली हे मला माहीतच नव्हतं. "तिनाच माका खरा काय ता सांगल्यान. परत गाऱ्हाणा घाल म्हणाली. चेडवाक काय शिकूचा ता अजून समजाक नाय, समजता तवसर तेका सांभाळ, इतक्याच सांग म्हणाली देवाक."

मग कौल कुठला आला, मी विचारलं.

"पाकळ्यो लावूकच दिल्यान नाय माका. म्हणाली, डावी पडली तर मी तेका कशी धाडू?"

त्याच संध्याकाळी मी होकार कळवला. आईला ते सांगायला खोपीत गेले, तिच्या शेजारी गवतावर बसले, आणि पुढची पेटी ओढून तिच्यात गवत घालायला लागले.