आत्याने दाखवलेली वाट

"काका, टोल वाढला तर दुसऱ्या रस्त्याने जाल का?" काल टोलनाक्यावर टॅब घेतलेल्या पोराने विचारलं आणि माझं डोकंच फिरलं.

असाच प्रश्न घेऊन पूर्वी एक साहेब जासईला आमच्या ओटीवर बसला होता. नव्या रस्त्याला टोल लागल्यावर गाड्या किती येतील, याचा अंदाज बांधायला आला होता म्हणे. आत्याने त्याला बोंबील तळून वाढले. तो खमंग वास आणि त्याची ती तेलकट बोटं मी विसरलेलो नाही. "मिठागराच्या बांधावरून जा रं बाला, पनवेल जवल पडतं," म्हणत आत्या भर उन्हात अनवाणी त्याला वाट दाखवायला गेली. मला तेव्हा तिचा केवढा अभिमान वाटला होता!

साहेबाच्या हिशेबात ती वाट म्हणजे टोलची गळती होती, टोल न भरता गाड्या निसटायची जागा. नवा रस्ता सुरू झाला आणि त्या वाटेच्या तोंडावर सिमेंटचे ठोकळे येऊन पडले. तेव्हापासून आमचा भाजीचा टेम्पोही टोल भरूनच पनवेलला जातो. खाल्ल्या ताटात थुंकला हरामखोर!

पोरगा अजून उभाच होता.

"वाट दाखवायची रीत होती आमची," मी म्हटलं. "आता नाय."

आणि काच वर केली.