पाणी आल्याचा निरोप

सोलापुरात आमच्या भागात पाच दिवसांनी पाणी येतं. सकाळी दहा ते दुपारी चार यात केव्हाही, त्याच्या मर्जीनं. त्या दिवशी बायको घराबाहेर पाऊल टाकत नाही. अंगणातल्या खड्ड्यातला नळ सुसकारला की तिनं पाइप जोडायचा आणि पिंपं भरायची, हे ठरलेलं. माझ्यावर तिनं ते एकदाच सोपवलं. मी तेव्हा टेबलाशी सोल्डरिंग करत बसलो होतो. पाणी आलं, तासभर गटारात वाहिलं आणि गेलं. पाच दिवस शेजारच्या चाचींनी आम्हाला घागरी दिल्या, आणि प्रत्येक घागरीबरोबर माझी चौकशी केली.

तर मंगळवेढ्याला तिच्या भाचीचं डोहाळजेवण निघालं, नेमकं पाण्याच्या दिवशी. धाकट्या बहिणीच्या घरची किती कार्यं या नळापायी बुडाली होती कोण जाणे. या वेळीही ती म्हणाली, राहू दे, बहीण समजून घेईल. बहीण समजून घेते हेच मला लागलं. मी तिला शब्द दिला, तू जा, मी यंत्र करतो.

काडेपेटीएवढा वायफायवाला बोर्ड माझ्याकडे होताच. असे स्वस्तातले बोर्ड मी लोक कोथिंबीर घेतात तसे घेतो, लागो न लागो. नळाच्या तोंडाशी दोन तारा, त्या भिजल्या की बोर्डाला कळणार. आधी बझर लावला. तो शेजारची मोलकरीण अंगण धूत असतानाही वाजला, शिंतोडे उडाले म्हणून. बायको स्वयंपाकघरातून दोनदा पाइप घेऊन धावली. मग म्हणाली, कुकर कुठला नि तुमचं पाणी कुठलं, मला कळंना. मी तारांवर प्लास्टिकच्या बाटलीचा आडोसा केला, बझर काढला आणि थेट फोनवर मेसेज येईल असं केलं. हा शेवटचा बदल ती निघायच्या सकाळी, एसटीची वेळ होत आली असताना. तपासून बघायला सवड कुठली? एवढा आत्मविश्वास मला पगाराच्या कामात कधी वाटला नाही.

ती गेली. मी फोन समोर ठेवून बसलो. बारा वाजले, साडेबारा झाले. माझा फोन गप्प, म्हणून मीही निवांत. मग तिचाच फोन आला. मागं बायकांची गाणी चालली होती.

"अहो, पाणी आलंय. पाइप जोडा."

"तुला कसं कळलं?"

"तुमच्या डब्यानं मलाच कळवलंय की."

मी अंगणात धावलो. नळ खळखळत होता. पिंपं भरता भरता मला सकाळी प्रोग्रॅममध्ये लिहिलेली ती एक ओळ आठवली, निरोप कुणाला पाठवायचा ती. तिथं माझ्या बोटांनी विचार न करता तिचा नंबर टाकला होता. आमच्या घरात पाणी आल्याचं दुसऱ्या कुणाला सांगतात?

संध्याकाळी ती परतली. तिथं ताट वाढलेलं होतं, पहिला घास हातात होता तेव्हा निरोप आला, एवढंच बोलली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला भयंकर लाज वाटली. डोहाळजेवणाच्या पंगतीतून मी तिला नळावर बोलावलं होतं, तेही स्वतः बनवलेल्या यंत्रानं.

त्या रात्री नंबर बदलला, आणि या वेळी तारांवर तांब्यानं पाणी घालून तपासलं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी आम्ही जेवत होतो. माझा फोन वाजला. ती सवयीनं अर्धी उठली. मी पाइप घेऊन बाहेर जाताना मागं पाहिलं, तर ती परत बसली होती आणि भाकरी मोडत होती, अगदी सावकाश.